पावसात पक्षी बघायला हिप्परगा की नान्नज? (सोलापूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी कॉलनीतली पोरं आणि काही ज्येष्ठ मंडळी घेऊन पक्षी बघायला जायचं ठरलंय. हिवाळ्यात आम्ही जातोच, भर पावसाळ्यात मात्र पहिल्यांदाच. "सोलापुरात कसला आलाय पाऊस?" असं विचारणारे पुणे-कोकणवाले येतीलच इथे, त्यांना आधीच सांगते, आठवडाभर भुरभुर चालू आहे आणि काळी माती चप्पल सोडत नाहीये.

पहिला घोळ जागेचा. निम्म्या लोकांना नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य हवंय, कारण कुठल्याशा ग्रुपवर 'माळढोक हमखास दिसणार' असा मेसेज फिरतोय. बाकीचे हिप्परगा तलाव म्हणतात. माझं मन हिप्परग्याकडे आहे, पण नान्नजला नको म्हणायला ठोस कारण हवं. नुसतं "चिखल असेल" म्हटलं तर कोणी ऐकायचं नाही.

दुसरं दुर्बिणीचं. माझी साधी ८x४२ आहे, वॉटरप्रूफ नाही. परवा कंबर तलावावर जलपर्णीवरून लांब शेपटीचा कमळपक्षी तुरुतुरु चालला होता. दुर्बीण डोळ्याला लावली तर समोर नुसतं दूध! ओढणीने पुसलं, पुन्हा तेच. तोवर स्वारी पलीकडे.

शिवाय पोरांचे रेनकोट पिवळेधमक आणि गुलाबी आहेत. चालतील का?

प्रतिसाद १
ताई, नान्नजचा हट्ट सोडायला लावा. माळढोक आता तिथे दिसणं जवळपास अशक्य आहे, हमखास म्हणणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. दुसरं म्हणजे ते अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय घोळका घेऊन शिरता येत नाही. पण ठोस कारण हवं असेल तर हे सांगा: टिटवी, धाविक, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी तर खड्यांच्या रंगाची, पायाशी असली तरी दिसत नाहीत. वीस जण माळावर पांगले की कोणाचा पाय कुठे पडेल सांगता येत नाही. आणि पक्षी घाबरून उठला की अंडी पावसात उघडी पडतात. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर आल्या वाटेने मागे फिरायचं.

हिप्परग्याला जा. फक्त बदकांची आशा दाखवू नका कोणाला, थंडीतली परदेशी बदकं दिवाळीच्या पुढे-मागे यायला लागतात. आता तिथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे सुगरण. पाण्यावर झुकलेल्या बाभळी शोधा. नर पिवळाजर्द झालेला असतो, अर्धवट विणलेल्या खोप्याला लटकून पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती आत-बाहेर करून बघते, पसंत पडलं तरच नर पुढे विणतो, नाहीतर खोपा तसाच अर्धा राहतो. पोरांना एवढं दाखवलंत तरी तासभर हलणार नाहीत. फांदी खाली ओढून फोटो मात्र काढू देऊ नका.

चातकही बघा. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. सातभाईंचा कलकलाट ऐकू आला की आसपास असतो बऱ्याचदा, त्यांच्याच घरट्यात अंडी घालतो ना.

प्रतिसाद २
दुर्बिणीबद्दल. धुकं बाहेरच्या काचेवर आहे की आत, ते आधी बघा. एसी गाडीतून एकदम बाहेर काढली की बाहेर धरतं, आपल्या श्वासानेही धरतं. गाडीचा एसी बंद ठेवा, पोहोचल्यावर पाचेक मिनिटं गळ्यात तशीच राहू द्या. आत धरलं असेल तर हेअर ड्रायर, ऊन वगैरे प्रयोग नकोत. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. दमट पिशवीत बंद राहिली तर काचेवर बुरशी येते आणि ती काढायचा खर्च दुर्बिणीच्या किमतीशी स्पर्धा करतो. आणि ओढणीने पुसू नका हो, चरे पडतात!

रेनकोटच्या रंगापेक्षा त्याची सळसळ वाईट. प्लॅस्टिकचा आवाज पक्ष्यांना लांबून कळतो. जुन्या काळ्या छत्र्या घ्या.

प्रतिसाद ३
बांधाच्या दगडांवर ज्येष्ठांना चढवू नका, पावसात निसरडे असतात. आणि गडगडाट ऐकू आला की सरळ गाडीत. बाभळीखाली थांबायचं नाही, छत्री उघडून बांधावर तर नाहीच.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. टिटवीच्या अंड्यांचं सांगितल्यावर नान्नजवाले गप्प झाले, एक काका तर म्हणाले, "मग आधी सांगायचं की!" सहाला निघतोय, कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर आहे. एकच राहिलं: तुळजापूर रस्त्यावरून आत वळल्यावर सध्या गाडी कुठपर्यंत जाते? दोघा आजींना फार चालवत नाही. कालपरवा कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.