हापूसचं मॉडेल चौदाव्या इपॉकला थांबवायचं की चाळिसाव्या?

देवगड_बागवाला: घरच्या बागेतल्या ४५० आंब्यांचे १,८०० फोटो काढून करप्याचे डाग ओळखणारं मॉडेल करतोय. व्हॅलिडेशन लॉस, म्हणजे शिकताना न दाखवलेल्या फोटोंवर मॉडेल किती चुकतं तो आकडा, १४व्या इपॉकला (सगळ्या ट्रेनिंग फोटोंवरून एक फेरी म्हणजे एक इपॉक) तळाला गेला आणि मग चढायला लागला. अचूकता मात्र ४०व्यापर्यंत ८८वरून ९१ टक्क्यांवर गेली. भाऊ म्हणतो, लाइट आहे तोवर चालू दे. माझं मत, १४लाच थांबावं. चौदा आणे तयार झालेलं फळ आपण झाडावर ठेवतो का? जास्त पिकू दिलं की साक्याची भीती. बाहेरून नितळ, कापलं की आत पांढरट गर.

खाडीपलीकडे: काय तरीच! चौदा आण्याचो आंबो आढीत घातल्यार पिकता. तुझां मॉडेल खयच्या आढीत घालतलस?

कातळावरून: 😄 उपमा गेली, मुद्द्यावर येऊ. तुमचा भाऊ बरोबर आहे. चुकलेल्या फोटोत खऱ्या उत्तराला ०.१ शक्यता दिली तर लॉस २.३ येतो, ०.०१ दिली तर ४.६. उत्तर दोन्हीकडे चुकलेलंच, फक्त दुसऱ्यांदा ठासून चुकलंय. अशा मोजक्या फोटोंनी सरासरी लॉस वर चढतो, आणि तेवढ्यात बाकीचे सुधारत असतात. आंबा लॉसवर विकणार की अचूकतेवर?

देवगड_बागवाला: तो ठासून चुकणं हाच तर माझा त्रास आहे हो. मॉडेल ९५ टक्क्यांच्या वर खात्री देईल ते फळ थेट पेटीत, बाकीची आई डोळ्यांनी बघते. ४०व्या इपॉकचं मॉडेल सगळ्यावरच ९९ टक्के म्हणतं. आईकडे बघायला काही येतच नाही, आणि डागी फळ पेटीत जातं.

कातळावरून: ती फाजील खात्री नंतर टेंपरेचर स्केलिंगने उतरवता येते, मॉडेलचे कच्चे गुण एका आकड्याने भागायचे, एवढंच काम. त्यासाठी शिकणं तोडायची गरज नाही. शिवाय २०२२चं ग्रोकिंगचं काम बघा. ओपनएआयमधल्या लोकांनी छोट्या नेटवर्कला मोड्युलो ९७चं गणित (९७ने भागून उरलेली बाकी) शिकवलं. ट्रेनिंगची उत्तरं तोंडपाठ झाल्यावर कितीतरी उशिरा न पाहिलेली उदाहरणंही जमायला लागली. लवकर थांबले असते तर हे दिसलंच नसतं.

निवृत्त_मास्तर: मोड्युलोच्या कोष्टकात चूक नसते. इथे लेबलं माणसाने लावलीत, त्यातही पेटी भरायच्या घाईत. ती घोकून काय साधणार? आणि लुट्झ प्रेशेल्ट या संशोधकांनी १९९८मध्ये ट्रेनिंग कधी थांबवावं हेच मोजून पाहिलं होतं. थांबायला उशीर करणाऱ्या निकषांनी सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास फायदा झाला, वेळ लागला साधारण चौपट. एप्रिलात चौपट वेळ कोणाकडे आहे? मी थांबणाऱ्यांच्या बाजूचा. बाकी एक बघा, केरास लायब्ररीचं अर्ली स्टॉपिंग (ट्रेनिंग आपोआप थांबवणारी सोय) वापरत असाल तर सगळ्यात चांगली वजनं, म्हणजे मॉडेलने शिकलेले आकडे, परत आणायला स्वतःहून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर हातात शेवटच्या इपॉकचीच राहतात.

मिऱ्या_बंदर: भांडा खुशाल, पण ४५० आंब्यांचे १,८०० फोटो, म्हणजे एका आंब्याचे चार ना? वाटणी कशी केली?

देवगड_बागवाला: सगळे फोटो पिसून २० टक्के बाजूला काढले.

मिऱ्या_बंदर: झालं. डावी बाजू ट्रेनिंगमध्ये, उजवी व्हॅलिडेशनमध्ये. देठ तोच, चिकाचा ओघळ तोच, मागचं गवतही तेच. मॉडेल तुमचे आंबे ओळखायला लागलंय, करपा नाही. ९१ त्यातूनच आले असणार. आंब्याप्रमाणे वाटा, जमलं तर तोडणीच्या दिवसाप्रमाणे. मग १४ की ४० ते बोलू.

देवगड_बागवाला: रात्री तोडणीप्रमाणे वाटून परत चालवलं. लॉस ६व्या इपॉकलाच तळाला. अचूकता ९व्याला ७९, तिथून पुढे हललीच नाही. आज सकाळपासून भावाला घेऊन वरच्या बागेत आहे, नवीन फोटो काढतोय. तो अजूनही म्हणतो, ४०पर्यंत जाऊन बघू.

कातळावरून: जाऊ द्या की. वेट डिके (वजनं फार वाढू न देणारी सोय) चालू ठेवा मात्र.

निवृत्त_मास्तर: आंबा संपेपर्यंत ह्यांचं ट्रेनिंग चालणार.