नोकऱ्यांचा आकडा भाषणात की करारात?

बी-६०३ : सर्वांना नमस्कार. काल रात्री आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर अमेरिकेतील स्टारगेट या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटरच्या (सर्व्हर ठेवण्याच्या मोठ्या इमारतींच्या) प्रकल्पातून एक लाख नोकऱ्या मिळणार असल्याचा संदेश आला होता आणि त्याखाली आता नवी मुंबईची पाळी आहे, असे लिहिले होते. माझ्या मुलाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा येत्या मे महिन्यात पूर्ण होत आहे. पदवीसाठी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या डेटा सेंटरमध्ये लगेच नोकरी धरावी, यावर त्या संदेशानंतर आमच्या घरात चर्चा सुरू झाली आहे. ए-२०१ च्या काकांनी नोकरीची सारी वर्षे औद्योगिक प्रकल्पांचे हिशेब तपासले आहेत, म्हणून त्यांना विचारते की या आकड्यावर कितपत विसंबावे?

ए-२०१ : ताई, प्रश्न मुलाच्या भवितव्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२१ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, अध्यक्ष ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे सॅम ऑल्टमन, ओरॅकलचे लॅरी एलिसन आणि जपानच्या सॉफ्टबँकेचे मासायोशी सोन यांना शेजारी उभे करून स्टारगेटची घोषणा केली. चार वर्षांत ५०० अब्ज डॉलर गुंतवले जातील, त्यांपैकी १०० अब्ज तातडीने, आणि एक लाखाहून अधिक नोकऱ्या जवळजवळ लगेच निर्माण होतील, असे तेव्हा सांगण्यात आले. हा पैसा सरकारचा नव्हता, तो या कंपन्या आणि अबुधाबीची गुंतवणूक कंपनी एमजीएक्स यांनी उभा करायचा होता. सरकारने देऊ केलेली मदत होती ती परवानग्यांची आणि विजेची. वीजनिर्मितीसाठी गरज पडल्यास आणीबाणीचे अधिकार वापरू, असे अध्यक्षांनी त्याच वेळी सांगितले होते.

आता आकड्याकडे पाहू. डिसेंबर २०१६ मध्ये याच सोन यांनी ट्रम्प यांना भेटून ५० अब्ज डॉलर आणि ५० हजार नोकऱ्यांचे वचन दिले होते. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा भेटून त्यांनी १०० अब्ज डॉलर आणि एक लाख नोकऱ्या सांगितल्या. दोन्ही वेळा दहा लाख डॉलरमागे बरोबर एक नोकरी पडते. महिन्याभराने रक्कम ५०० अब्जांवर गेली, तरी नोकऱ्यांचा आकडा मात्र लाखाच्याच घरात राहिला. माझी सारी नोकरी खर्चपत्रके तपासण्यात गेली. जो आकडा पदांची यादी करून काढलेला असतो, तो असा गोल क्वचितच येतो.

सी-७०२ : नमस्कार, मी डॅलसहून लिहितो आहे. फ्लॅट भाड्याने दिला असला तरी ग्रुप वाचत असतो. स्टारगेटचे पहिले केंद्र आमच्यापासून गाडीने साधारण तीन तासांवर ॲबिलिन या गावी उभे राहिले. तेथे बांधकामावर हजारो माणसे आली, हे खरे आहे. वीजतंत्री, पाइपफिटर आणि वेल्डर बाहेरगावांहून येतात, काम असेपर्यंत मिळेल तेथे मुक्काम करतात आणि काम संपले की पुढच्या ठिकाणी जातात.

एक गोष्ट मात्र येथे फार कमी लोक बोलतात. टेक्सासमध्ये डेटा सेंटरला यंत्रसामग्रीवरील राज्य विक्रीकरात दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ माफी मिळते. त्यासाठी कायद्याने किमान २० कोटी डॉलरची गुंतवणूक आणि किमान २० पात्र नोकऱ्यांची अट घातली आहे. वीस हजार नव्हे, वीस.

ए-२०१ : सी-७०२, फार मोलाची माहिती दिलीत. सरकारला एखाद्या प्रकल्पातून खरोखर किती नोकऱ्यांची अपेक्षा आहे, हे सवलतीच्या कायद्यातील अट पाहिली की समजते. व्हर्जिनियात अशाच करमाफीची सर्वसाधारण अट ५० नोकऱ्यांची आहे. तेथील विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये डेटा सेंटरवर जो अहवाल दिला, त्यानुसार सुमारे अडीच लाख चौरस फुटांच्या इमारतीत काम सुरू झाल्यावर साधारण ५० पूर्णवेळ माणसे लागतात आणि त्यांतली जवळपास निम्मी कंत्राटी असतात. बांधकामाच्या ऐन भरात त्याच जागेवर सुमारे १,५०० माणसे राबतात, पण तो काळ वर्ष-दीड वर्षाचा असतो. या उद्योगामुळे राज्यात एकूण ७४ हजार रोजगार टिकतात, असेही तोच अहवाल सांगतो. मात्र त्यात पुरवठादारांकडचे आणि पगार बाजारात खर्च झाल्यामुळे तयार होणारे रोजगारही धरले आहेत, आणि लाभाचा मोठा भाग बांधकामातून येतो.

डी-१०४ : काका, आपल्या अभ्यासाचा आदर राखून माझे मत मांडतो. कोणतीही गुंतवणूक जाहीर झाली की आपण आधी त्रुटी शोधतो आणि नंतर कारखाना दुसऱ्या राज्यात गेला की हळहळतो. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला आपल्या राज्याने १५ लाख कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचे आणि १५ लाखांहून अधिक रोजगारांचे करार केले. ॲमेझॉनने एकट्याने ८.३ अब्ज डॉलर जाहीर केले. सरकारने पुढाकार घेतला नसता, तर हे झाले असते का?

ए-२०१ : पुढाकार घ्यायलाच हवा. माझा आक्षेप त्याला नाही, आकडा कोणत्या कागदावर लिहिला जातो याला आहे. ॲमेझॉनच्या त्या घोषणेत २०३० पर्यंत डेटा सेंटरच्या पुरवठा साखळीत दरवर्षी ८१,३०० पूर्णवेळ रोजगारांना आधार मिळेल, असा अंदाज होता. रोजगाराला आधार मिळणे आणि कंपनीने नेमणूकपत्र देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सिमेंटची गाडी चालवणाऱ्याचा रोजगारही त्यात मोजला जाऊ शकतो. त्या रोजगाराची किंमत कमी नाही, पण ताईंच्या मुलाला तो आकडा वाचून कंपनीच्या दारात ८१,३०० खुर्च्या दिसतात.

करारात लिहिल्याने काय फरक पडतो, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे आहे. जुलै २०१७ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने व्हाइट हाउसमध्येच जाहीर केले की तेथे १० अब्ज डॉलरचा एलसीडी स्क्रीन बनवण्याचा कारखाना उभा राहील आणि १३ हजार नोकऱ्या मिळतील. राज्याने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती मंजूर केल्या. जून २०१८ मध्ये माउंट प्लेझंट या गावी भूमिपूजन झाले, तेव्हा अध्यक्षांनी त्याला जगातले आठवे आश्चर्य म्हटले. तो कारखाना ठरल्याप्रमाणे कधीच झाला नाही. एप्रिल २०२१ मध्ये नवा करार झाला, त्यात १३ हजारांच्या जागी १,४५४ नोकऱ्या आल्या आणि सवलत कमाल आठ कोटी डॉलरवर उतरली.

राज्याची तिजोरी वाचली ती एका कलमामुळे. करसवलत नोकऱ्या प्रत्यक्ष दिल्यावरच मिळणार होती. ठरलेली माणसे घेतली गेली नाहीत, तेव्हा राज्याने ती नाकारली. गावाचे मात्र तसे झाले नाही. ग्रामप्रशासन आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांनी जमीन, रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्यांसाठी आधीच कर्ज काढले होते, लोकांची राहती घरे घेतली होती, आणि तो खर्च नोकऱ्यांच्या अटीला बांधलेला नव्हता. सरकारी मदतीतला जो भाग आधीच देऊन टाकला जातो, तो परत येत नाही, हे मी स्वतःच्या कामातही वारंवार पाहिले आहे.

त्या पट्ट्यात आता मायक्रोसॉफ्ट कृत्रिम बुद्धिमत्तेचे डेटा सेंटर उभारत आहे. मे २०२४ मध्ये अध्यक्ष बायडेन स्वतः तेथे गेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने सांगितले की पहिल्या केंद्रात सुमारे ५०० कायम कर्मचारी असतील आणि दुसरे झाल्यावर ते ८०० च्या आसपास जातील. हा आकडा लहान आहे, तरी मला तो अधिक विश्वासाचा वाटतो.

आणि डी-१०४, फॉक्सकॉन आपल्यालाही परकी नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये तिने महाराष्ट्राशी पाच अब्ज डॉलर आणि ५० हजार रोजगारांचा सामंजस्य करार केला होता. जानेवारी २०२० मध्ये तो प्रकल्प येणार नसल्याचे उद्योगमंत्र्यांनी सांगितले. पुढे २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून आपल्याच ग्रुपवर कित्येक दिवस कटू बोलणे झाले, दोन कुटुंबांनी एकमेकांशी बोलणे सोडले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि तो संयुक्त प्रकल्प कोठेच झाला नाही. त्या भांडणाची आठवण मला अजून त्रास देते.

ए-४०४ : मी याच पट्ट्यातील एका डेटा सेंटरमध्ये तीन वर्षे पाळीत काम करतो, म्हणून आतली बाजू सांगतो. आमच्या इमारतीत रात्रपाळीला विद्युत, शीतकरण, इमारत देखरेख आणि सुरक्षा मिळून माणसे मोजायला दोन हातांची बोटे फार तर दोनदा लागतील. मी स्वतः कंपनीच्या नव्हे, देखभाल कंत्राटदाराच्या वेतनपटावर आहे. दोन वर्षांपूर्वी कंत्राटदार बदलला, तेव्हा काम तेच राहिले, पण माझी आधीची सेवा धरली गेली नाही, नव्याने पहिल्या दिवसापासून मोजली गेली आणि त्याचे दुःख मला आजही आहे. तरीही काम शिकण्यासारखे आहे. यूपीएस, डिझेल जनरेटर, उच्चदाब पॅनल आणि चिलर यांवर जो हात बसतो, तो रुग्णालयात, मेट्रोत किंवा मोठ्या कारखान्यातही उपयोगी पडतो. ताई, मुलाला यायचे असेल तर त्याने डिप्लोमानंतर विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना मिळवण्याची तयारी करावी. आमच्याकडे परवानाधारकाला वेगळी किंमत आहे.

डी-१०४ : हे मला ठाऊक नव्हते, मनापासून आभार. पण नोकऱ्या कमी असल्या तरी कर तर मिळतो ना? व्हर्जिनियातील लाउडन काउंटीचा मोठा महसूल डेटा सेंटरमधून येतो, असे मी वाचले आहे.

ए-२०१ : बरोबर वाचले आहे, आणि तेथील रहिवाशांचा घरांवरील कर त्यामुळे हलका झाला, हेही खरे. पण लाउडनला जो पैसा मिळतो, त्याचा मोठा भाग इमारतीतील संगणकांवरच्या स्थानिक करातून येतो. आपल्या महापालिकेचा मालमत्ता कर जमीन आणि इमारतीवर असतो, आतल्या सर्व्हरवर नसतो. डेटा सेंटरची खरी किंमत तर आतच असते. शिवाय आपल्या राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना सवलती आहेतच. म्हणून लाउडनचे उदाहरण ऐरोलीला जसेच्या तसे लागू होत नाही.

आणखी एक मुद्दा थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ओपनएआयच्या वित्तप्रमुखांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील त्यांच्या गुंतवणुकीच्या कर्जाला सरकारी हमीचा आधार असावा, अशा अर्थाचे विधान केले आणि टीका होताच ते सुधारले. आपल्याला अशी हमी नको, असे ऑल्टमन यांनी सांगितले आणि व्हाइट हाउसचे सल्लागार डेव्हिड सॅक्स यांनी असे बचावाचे पॅकेज मिळणार नाही, असे जाहीर केले. जेथे पैसा पूर्णपणे खासगी आहे असे पहिल्या दिवशी सांगितले जाते, तेथेही जोखीम सरकारच्या दाराशी येऊ पाहते, आणि त्या वेळी नोकऱ्यांचाच आकडा पुढे केला जाईल, अशी मला भीती वाटते.

बी-६०३ : काका, ए-४०४, दोघांचे ऋण मानते. मुलगा शेजारी बसून वाचतो आहे. तो पदवीला प्रवेश घेईल आणि परवान्याचीही माहिती काढेल, असे आता म्हणतो. पण आपल्या रस्त्यापलीकडच्या जागांना सवलती देताना किती स्थानिक माणसे घेण्याची अट घातली आहे, हे आपल्याला कसे कळेल?

सचिव : सोसायटीच्या लेटरहेडवर माहिती अधिकाराचा अर्ज करता येईल का?

ए-२०१ : सचिव साहेब, तो हक्क नागरिकाचा आहे, त्यामुळे अर्ज कोणा एकाच्या नावाने करावा लागेल. मी माझ्या नावाने उद्योग संचालनालयाकडे करतो, दहा रुपयांचे शुल्क आहे. आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द बसतात, म्हणून इतकेच विचारतो : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ज्या डेटा सेंटरना २०२३ च्या धोरणाखाली सवलत मंजूर झाली, त्यांच्या मंजुरीपत्रांच्या प्रती द्याव्यात, रोजगाराची अट असल्यास ते कलम दाखवावे, आणि सवलत देण्यापूर्वी प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांची मोजणी कोणी व केव्हा केली, हे कळवावे.

ए-४०४ : काका, मोजणीच्या प्रश्नात कंपनीच्या वेतनपटावरील आणि कंत्राटदाराकडील अशा दोन वेगळ्या संख्या मागा. एकच संख्या मागितली, तर आम्ही कोठे मोजले गेलो, ते समजणार नाही.

ए-२०१ : घातले. १५० शब्दांत बसवण्यासाठी वरचा एक संदर्भ काढला आहे. सोमवारी सकाळी देऊन येतो आणि पोचपावती ग्रुपवर टाकतो.