शब्दचर्चा: दान, देणगी, दायित्व, आणि आपले भाटकार, महाजन

प्रश्न: 'खाण कंपनीने शाळेला संगणक दान केले' असे वाक्य बातम्यांत वारंवार दिसते. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या, पैशाला दान म्हणावे का? आणि आपल्या गोव्यातले 'भाटकाराने (जमीनमालकाने) मुंडकाराला (त्या जमिनीवर घर असलेल्याला) घर दान केले', 'गावचे दानशूर महाजन' हे तरी बरोबर का?

उत्तर १: सीएसआरला दान म्हणू नये. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ पाहा. निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांतली एक मर्यादा गाठली तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेच लागतात. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. चालू प्रकल्पाची रक्कम उरली, तर वर्ष संपल्यावर ३० दिवसांत ती वेगळ्या खात्यात टाकावी लागते. टाळता येत नाही ते दान कसले? 'दायित्व निधीतून दिले' असे लिहावे. खाणग्रस्त भागांसाठीचा जिल्हा खनिज निधी तर आणखी वेगळा. तो खाणवाल्याने सरकारच्या रॉयल्टीसोबत भरायचा असतो, सीएसआरमध्ये मिसळू नये.

उत्तर २: भाटकार म्हणजे नुसता श्रीमंत नव्हे. भाट म्हणजे माड-पोफळींची बागायत, आणि तिचा मालक तो भाटकार. दहा फ्लॅट असलेल्याला कुणी भाटकार म्हणत नाही. हा शब्द मुंडकारासोबतच जगतो: एकाची जमीन, दुसऱ्याचे तिच्यावरचे घर. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला हुसकावण्यापासून संरक्षण आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला. प्रकरण मामलेदाराकडे जाते, किंमत ठरते, ती भरल्यावर मालकी मिळते. त्यामुळे तिथे 'दान केले' लिहिणे म्हणजे मुंडकाराचा हक्क पुसून भाटकाराला मोठेपणा देणे. हे मला फार खटकते. 'मुंडकाराने घर विकत घेतले' एवढेच लिहावे. भाटकाराने कायद्याबाहेर, आपखुशीने जागा दिली असेल तरच दान. मग बक्षीसपत्र झाले की नाही तेही विचारा.

उत्तर ३: महाजनाचे वेगळे. घाटावर महाजन म्हणजे सावकार, व्यापारी. गोव्यात तो देवस्थानाच्या मजनीचा, म्हणजे महाजनांच्या मंडळाचा, सदस्य, बहुधा कुळाने आलेला, १९३३ च्या देवस्थान नियमावलीनुसार नोंदलेला. अध्यक्ष, मुखत्यार, सचिव, खजिनदार अशी समिती महाजनच निवडतात. लाखो रुपये दिल्याने कुणी महाजन होत नाही, आणि महाजन गरीबही असतो. बाहेरच्या दात्याला 'देणगीदार' म्हणा. महाजनकी हा अधिकार आहे आणि देवस्थान राखण्याची जबाबदारीही. गावातल्या पुष्कळांना तो अधिकार जन्मानेच नाकारलेला असतो, म्हणून हा शब्द नुसता गौरवासाठी वापरणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता: मग देणगी आणि दान यांत फरक?

उत्तर १: पावती फाटते ती देणगीची. प्राप्तिकरात दोन हजारांवरची रोख रक्कम वजावटीला चालत नाही, तिथेही 'देणगी'च लिहावे. दानात धर्मभाव येतो: अन्नदान, गोदान. मूळ वाक्य असे करा: 'खाण कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून शाळेला संगणक दिले.'