मदत हवी आहे: कोलायटिसवर ऑलिव्हच्या पानांच्या कॅप्सूल कुणी घेतल्या आहेत का?

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. धाकट्या भावाला (वय 29) अडीच वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात तो आजार) निघाला. मेसालामीन, म्हणजे आतड्याची सूज आवरणारं औषध, सुरू आहे, म्हणजे होतं. मागच्या चवथीला नेवऱ्या खाऊनही पोट कुरकुरलं नाही, इतका बरा होता.

आमच्या वाड्यावरचं एक कुटुंब लिस्बनला असतं. मे महिन्यात येताना त्यांनी ऑलिव्ह तेलाचा मोठा डबा आणि पानांच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. तेव्हापासून भाऊ सकाळी अनशापोटी तीन मोठे चमचे तेल पितो आणि रात्री दोन कॅप्सूल घेतो. उकड्या तांदळाच्या पेजेतही तेच तेल. (आई म्हणते पेजेची चव गेली. ती खोबरेलाच्या बाजूची, तिचं सोडा.)

तेलाला माझी हरकत नव्हती. पण परवा त्याच्या कपाटात मेसालामीनच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. विचारलं तर म्हणे, "तेही सूज उतरवतं, हेही उतरवतं, मग दोन-दोन कशाला?" आणि आता दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतंय. रक्त पडत नाही म्हणतो, पण तो सांगेल तेवढंच आपल्याला कळणार. कुणाला अनुभव आहे का? त्याला समजवायचं कसं?

कुळागर: ताई, मला हा आजार 11 वर्षं आहे. तेल मीही खातो, पण भाजी-सॅलडवर. चांगल्या ऑलिव्ह तेलाने घशाला जी ठसठस लागते ती त्यातल्या ऑलिओकॅन्थल नावाच्या घटकाची. ते आयब्युप्रोफेनसारखं (दुखण्या-सुजेवरची नेहमीची गोळी) काम करतं, असं 2005 मध्ये संशोधकांनी दाखवलं, आणि लोक तिथेच भाळतात. गंमत अशी की कोलायटिसवाल्यांना डॉक्टर आयब्युप्रोफेनच टाळायला सांगतात! तेलात ते अगदी थोडं असतं म्हणून घाबरू नका, पण 'सूज उतरवतं' एवढ्यावरून ते आपल्या आतड्याचं औषध ठरत नाही. कोलायटिसच्या रुग्णांना रोज 50 मिली तेल देऊन एक प्रयोग झाला आहे, पण तो छोटा आणि 20 दिवसांचा. मेसालामीन आजार परत उसळू नये म्हणून चालू ठेवायचं असतं. मीही एकदा बरं वाटतंय म्हणून सोडलं होतं. चार महिन्यांनी स्टिरॉइडवर गेलो.

सोलकढी: उपाशीपोटी तीन चमचे तेल म्हणजे साधारण 45 मिली, साडेतीनशेच्या वर कॅलरी. एवढ्यानेही जुलाब होऊ शकतात, म्हणून अंदाज बांधत बसू नका. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करा, आतड्याला खरंच सूज आहे का ते कळेल. पानांच्या अर्काने रक्तदाब आणि साखरही उतरू शकते. बाटली डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. आयब्युप्रोफेनचं वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदाच गप्प बसला. मग म्हणाला, कॅप्सूल सुरू केल्यापासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हे इतके दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं! कॅप्सूल आजपासून बंद. सोमवारी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेते, पट्ट्या आणि बाटली दोन्ही बरोबर घेते. मेसालामीन मधले दीड महिने चुकलंय, तर सोमवारपर्यंत आधीच्याच डोसने सुरू करायचं की डॉक्टरांना आजच फोन करू?

कुळागर: आजच फोन करा. आणि रक्त दिसलं, ताप आला किंवा पोट फुगून दुखायला लागलं, तर सोमवारची वाट बघू नका.