बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा: पुट्टी भरून रंग मारला तर चालेल का?

नाशिककर
दुमजली बंगला, आरसीसी सांगाडा, विटांच्या भिंती, बांधून ६ वर्षं झाली. बाहेरून तीन तऱ्हेच्या भेगा दिसतात. पश्चिमेच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक, जाळीसारख्या. पहिल्या मजल्याच्या बीमखाली सरळ आडवी भेग. आणि तळमजल्याच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जोत्याकडे तिरकी उतरलेली, वर साधारण ३ मिमी रुंद, खाली निमुळती. जमीन काळ्या मातीची. रंगारी म्हणतो, सगळीकडे पुट्टी भरू आणि वरून इलास्टोमेरिक (रबरासारखा ताणणारा) रंग मारू. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे.

वीटकाम
तिन्हींना एकच औषध नको. जाळीदार भेगा गिलावा आकसल्याच्या असतात: सिमेंट जास्त, क्रश सँडमध्ये धूळ जास्त, पाणी मारण्यात कुचराई. लाकडी दांड्याने भिंत ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल करा. तेवढा गिलावा विटेपासून सुटलाय, तो काढावाच लागेल. बाकी भाग धुऊन, पूर्ण वाळवून, प्रायमर आणि इलास्टोमेरिकचे दोन हात पुरेत. इथे रंगारी बरोबर आहे.

आडवी भेग म्हणजे वीट आणि काँक्रीट यांचा सांधा. उन्हात दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. त्यात विटांचा शेवटचा थर बीमखाली नीट ठासलेला नसतो आणि जाळीही बहुधा राहून गेलेली असते. नुसती पुट्टी एखाद्या उन्हाळ्यात परत फाटेल. सांध्याच्या वर-खाली १५० मिमी गिलावा काढा, फट खरवडून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) ठासून भरा. मग गॅल्व्हनाइज्ड चिकन मेश (जस्त चढवलेली तारेची जाळी) वॉशर आणि खिळ्यांनी ताणून बसवा. जाळी भिंतीला चिकटू देऊ नका, मागे थोडी जागा हवी, म्हणजे ती मसाल्याच्या पोटात राहते. भिंत ओली करून १:४ सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा पहिला थर १२ ते १५ मिमी, त्यावर रेघा ओढायच्या. दुसरा ६ ते ८ मिमी. निदान ७ दिवस पाणी मारा.

पाया_आधी
तिरक्या भेगेला अजून हात लावू नका. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. भेग वर रुंद असेल तर भिंतीचा एखादा कोपरा खाली बसत असण्याची शक्यता मोठी. आतल्या बाजूला त्याच जागी भेग आहे का ते पाहा. नसेल तर भेगेवरचा हातभर गिलावा काढून वीट तडकली आहे का ते बघा. त्या कोपऱ्याशी पावसाचा पाइप, गळका चेंबर किंवा मोठं झाड आहे का?

सळई_आणि_गंज
एक भर: कॉलमच्या कडेने उभी भेग आणि तांबूस डाग दिसले तर तो गिलाव्याचा प्रश्न नाही. आत सळई गंजतेय. तिथे रंग अजिबात नको.

नाशिककर
आतही भेग आहे. छताच्या पावसाचा पाइप त्याच कोपऱ्यात जमिनीवर सुटतो.

पाया_आधी
मग पहिलं काम पाइपचं. पाणी बंद नळीतून गटारापर्यंत न्या, भिंतीलगत बाहेर उतार असलेली फरशी करा. एकाच बाजूची माती भिजली की भिंत असमान हलते.

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोकून खिळ्यांमधलं अंतर व्हर्नियरने (मिमीचे अंशही मोजणाऱ्या कॅलिपरने) महिन्यातून एकदा मोजा, तारीख भिंतीवरच लिहा. भेगेच्या टोकालाही खूण करा, लांबी वाढली तर कळेल. काचेची पट्टी चिकटवली तर ती फुटून हालचाल झाली एवढंच सांगते, किती ते नाही. एक पावसाळा आणि त्यापुढचा उन्हाळा, दोन्हींची मापं हवीत.

तोवर पाणी आत जाऊ नये म्हणून भेग १० मिमी रुंद कापा, फोमची दोरी दाबा आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट भरा. ते भेगेबरोबर ताणतं, पुट्टी ताणत नाही. खिळे भेगेपासून लांब ठोका, म्हणजे कापताना हलणार नाहीत. माप सलग वाढत राहिलं, भेग ५ मिमीच्या पुढे गेली किंवा दारं-खिडक्या अडकायला लागल्या, तर थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि पाया उकरून दाखवा.