बीएला तत्त्वज्ञान घ्यायचंय, नागपुरातल्या कोणी शिकलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी लहान बहीण यंदा बारावी सायन्स झाली आणि तिला बीएला फिलॉसॉफी मेजर घ्यायचंय, सोबत इकॉनॉमिक्स. घरी सगळे एकच म्हणून राहिले, याने पोट भरत नाही. मला मात्र तिचं पटतं. परवा तिने न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, अनुमान समजावलं, प्रतिज्ञा, हेतू (म्हणजे कारण), उदाहरण, उपनय, निगमन, म्हणजे डोंगरावर धूर दिसतो तर तिथे आग आहे हे पायरीपायरीने कसं मांडायचं ते, आणि मग त्याच पायऱ्या लावून बाबांचा 'आर्ट्सवाल्यांना नोकरी नाही' हा मुद्दा तपासायला बसली, हेतू कोणता, उदाहरण कोणतं. बाबा पहिल्यांदा नीट ऐकत होते. असं तपासून बोलायची सवय वकिली, पत्रकारिता, कुठेही लागतेच ना, आणि यूपीएससीला हा ऑप्शनल पण आहे.

दीक्षाभूमी आपल्याच शहरात, त्यामुळे नागार्जुन, दिङ्नाग हे बौद्ध तत्त्वज्ञ नीट शिकायला मिळावेत असं तिला फार वाटतं.

तर सांगा, नागपुरात कोणत्या कॉलेजात या विषयाचे वर्ग खरंच रोज होतात? पेपर मराठीतून लिहिता येतो का? वाडेकरांनी संपादित केलेला १९७४ चा तत्त्वज्ञान महाकोश बघायला कुठल्या लायब्ररीत मिळेल? आणि शिकून पुढे काय केलं तेही लिहा प्लीज, बाबांना वाचून दाखवायचंय. ॲडमिशनची तारीख जवळ आलीय.