मदत हवी आहे: विहिरीत पाषाणाखाली लाल माती लागली, ती तिथे गेली कशी?

वाडीवरची_बाई

नमस्कार मंडळी. पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावीला खडकांचे प्रकार शिकवायचे आहेत आणि नेमकं शाळेमागच्या शेतात विहिरीचं काम निघालंय. मुलं मधल्या सुट्टीत ढिगाऱ्यातले दगड उचलून वर्गात आणतात (विहिरीच्या कडेला जायला सक्त मनाई आहे, ढिगारा बांधाच्या अलीकडे आहे).

क्रम असा लागलाय. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय हलेना असा. हा पाषाण संपला आणि खाली विटकरी लाल मातीचा पट्टा निघाला, साधारण गुडघाभर जाडीचा. पट्ट्याची वरची कड चांगली टणक आहे. खाली खाली ती माती मऊ होत जाते, बोटांनी कुस्करते. त्याखाली पुन्हा दगड, पण भोकाभोकांचा, आणि बऱ्याच भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं. एका तुकड्यात भोकाला आतून हिरवा लेप आहे.

एका मुलीने विचारलं, "बाई, माती दगड झिजून होते म्हणता, मग ती दगडाच्या खाली कशी?" वरून झिरपून गेली असं सांगवेना, कारण मधला पाषाण अखंड आहे. तिला नीट उत्तर मिळायला हवं असं मनापासून वाटतं. शिवाय विहीरमालक विचारतायत की गेरू लागला, आता पुढे खणायचं की थांबायचं? जाणकारांनी कृपया मदत करावी.

बागाईतदार

बाई, विहिरीपुरतं सांगतो. पट्ट्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरतंय का ते आधी बघायला सांगा. ही माती चिकण असते, पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून पावसाळ्यानंतर तिच्या डोक्यावरून झरे सुटतात. खालच्या मांजऱ्यात (भोकाभोकांच्या दगडात) पाणी असू शकतं, पण हमी कोणी देऊ नये. भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयातून माणूस बोलावून दाखवलेलं बरं. आणि एक नक्की सांगा: तो पट्टा उघडा ठेवू नका. ऊन-पाण्याने माती फुगते, ढासळते, आणि वरचा पाषाण आधार सुटून खाली येतो. तेवढ्या भागाला बांधकाम करून घ्यावंच लागतं.

कातळवेडा

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. फार मोलाचा प्रश्न आहे.

माती वरून खाली गेलेली नाही. तो पट्टा एके काळी उघडी जमीन होता, त्यावर ऊन-पाऊस पडत होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा आला तो एकदम नाही, एकावर एक असे अनेक थर आले. एक थर पसरून थंड व्हायचा, मग बराच काळ काहीच यायचं नाही. तेवढ्या अवधीत त्याचा पृष्ठभाग कुजायचा, काही ठिकाणी वाऱ्याने आलेली ज्वालामुखीची राखही त्यावर साचायची, आणि माती तयार व्हायची. नंतर पुढचा थर यायचा आणि ती माती गाडली जायची. तुमच्या विहिरीतला काळा पाषाण म्हणजे हा नंतर आलेला थर.

आता वरची कड टणक का? हजार अंशांहून तापलेला लाव्हा मातीवर पसरला, तेव्हा मातीचा माथा भट्टीतल्या विटेसारखा भाजून निघाला. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे. खालची माती मऊ राहिली, कारण तिथपर्यंत आच तेवढी पोचली नाही.

भोकाभोकांचा दगड हा जुन्या थराचा माथा. पातळ लाव्हात वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग लवकर गोठल्यामुळे तिथेच अडकतात. म्हणून भोकं बहुतेक थरांच्या माथ्याकडे जास्त आणि पोटातला पाषाण घट्ट. घाटातून जाताना कापलेल्या कड्याकडे नीट बघितलं तर हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो: घट्ट पाषाण, लाल रेघ, खाली सच्छिद्र दगड.

पांढरं जे आहे ते मात्र लाव्हाबरोबर आलेलं नाही. दगड थंड झाल्यावर त्यातून पाणी फिरलं, खडकातलेच घटक विरघळवून पोकळ्यांत आणून बसवले. बहुतेक झिओलाइट, कॅल्साइट (चुन्याचं खनिज) किंवा गारगोटी यांपैकी एखादं खनिज असेल. हिरवा लेप सेलाडोनाइट नावाच्या खनिजाचा असावा, आपल्याकडे तो बऱ्याच वेळा पोकळीच्या आतल्या अंगाला दिसतो. जमलं तर मुलांना सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात न्या, पोकळ्यांतून मोठमोठे स्फटिकही कसे वाढतात ते बघून मुलं हरखून जातील.

वाडीवरची_बाई

मनापासून आभार! भाजलेल्या मातीचं वाचून लगेच ढिगाऱ्यातला पट्ट्याचा एक तुकडा वर्गात आणला, त्यात वरची टणक आणि खालची मऊ अशा दोन्ही बाजू आहेत. बागाईतदार दादांचा निरोप मालकांना दिलाय, ते भूजलवाल्यांशी बोलतायत.

पुढची शंका: दोन थरांच्या मध्ये "बराच काळ" गेला, हे मुलांनी कशावरून मानायचं? आणि अग्निजन्य तर इथेच आहे, पण स्तरित आणि रूपांतरित खडक मुलांना कुठे दाखवू?

कातळवेडा

काळ गेला याचा पुरावा मुंबईत आहे. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये तळ्यात साचलेला गाळ सापडला, तो गोठून दगड झालाय, आणि त्यात बेडकांचे जीवाश्म मिळाले. तळं भरायला, त्यात बेडूक नांदायला अवधी लागतोच. हा गाळाचा खडक स्तरितच, फक्त दोन अग्निजन्य थरांच्या मध्ये बसलेला. मुलांना हे उदाहरण जरूर द्या, तीन कप्पे करून पाठ केलेली यादी त्याने मोडते आणि ती मोडायला हवी.

रूपांतरित म्हणाल, तर तुमच्या पट्ट्याची भाजलेली कड ही त्याचीच छोटी पायरी: उष्णतेने बदललेली माती. चुनखडकाचा संगमरवर होण्यासाठी उष्णता फार मोठ्या प्रमाणावर लागते, बहुतेक वेळा तिच्या जोडीला दाबही. तसे जुने खडक आपल्याकडे नागपूर-भंडारा बाजूला आणि सिंधुदुर्गात उघड्यावर आहेत. इतर बऱ्याच ठिकाणी ते लाव्हाच्या खाली झाकलेले. किल्लारीला भूकंपानंतर छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट (म्हणजे हाच काळा पाषाण) ओलांडल्यावर खालचा प्राचीन खडक लागला. कोयनेला तोच खडक साधारण ९३० मीटरांवर आहे.

चिरेखाण

राजापूरहून एक भर. आमचा जांभाही (लाल चिऱ्याचा दगड) बऱ्याच ठिकाणी ह्याच काळ्या पाषाणापासून झालेला आहे. धो धो पाऊस आणि उष्मा यांनी दगडातली सिलिका, चुना धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. खाणीतून ताजा चिरा काढला की तो कापायला सोपा असतो, उघड्यावर ठेवला की घट्ट होतो. पाचगणीचं टेबललँडही जांभ्याचंच. पत्ता द्या, एक चिरा पाठवून देतो, मुलांना पाषाणाशेजारी ठेवून बघू दे.

वाडीवरची_बाई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पोरं आत्तापासून वाट बघणार! पांढरं खनिज कुठलं ते वर्गात ओळखता येईल का?

कातळवेडा

येईल. थोडी पूड करून त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही आणि खड्याने काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. दोन्ही नसेल तर झिओलाइटची शक्यता जास्त. पूड तुम्हीच करा, डोळ्यांवर चष्मा लावून, मुलांच्या हातात हातोडी नको. आणि लाल मातीचे दोन खडे, एक वरच्या कडेचा, एक खालचा, वेगवेगळ्या ग्लासात पाण्यात टाकून ठेवा. कुठला आधी फुटून विखुरतो ते मुलांनाच लिहून काढायला सांगा, आणि काय लिहितात ते इथे नक्की कळवा.